पाण्याच्या टाकीची बैठक : समपातळी आणि आधार

धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याला पाण्याची किंमत नव्याने सांगावयास नको. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीने सोसला; २०१२-१३ आणि २०१५-१६ ह्या वर्षांतील टंचाई आजच्या तरुण शेतकऱ्यांनीही अनुभवली आहे. विहिरी आटल्या, विंधन विहिरी कोरड्या पडल्या आणि गावोगाव टँकरची वाट पाहावी लागली. अशा प्रदेशात हाती आलेले पाणी साठवून ठेवण्याचे साधन म्हणजे टाकी. पूर्वी रांजण व हौद होते. आज बहुतेक वस्त्यांवर ५००, १००० किंवा २००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी दिसते. तिच्यातून घरचे पिणे भागते, जनावरांचे हाळ भरतात, फवारणीचे औषध कालविले जाते आणि लहान भाजीपाल्याला ठिबकने पाणीही दिले जाते.

टाकी विकत घेताना शेतकरी चांगली चौकशी करतो. ती किती लिटरची, किती पदरी, किती वर्षे टिकेल, हे सर्व तो विचारून घेतो. परंतु ती कशावर बसवावयाची ह्याचा विचार मात्र पुष्कळदा टेम्पो दारात येऊन उभा राहिल्यावर केला जातो. मग चार दगड, दोन फळ्या किंवा लोहाराकडून घाईने करून आणलेला लोखंडी स्टँड एवढ्यावर काम भागविले जाते. टाकी फुटली, कलली किंवा कोसळली म्हणजे दोष टाकीला दिला जातो. वास्तविक टाकीचे आयुष्य तिच्या भिंतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तिच्या बैठकीवर अवलंबून असते. बैठक मजबूत, समपातळीत आणि टाकीच्या सबंध तळाला आधार देणारी असेल तर साधी टाकीही वर्षानुवर्षे काम देते. ती तशी नसेल तर महागडी टाकीही एका पावसाळ्यात निकामी होते.

पाण्याचे वजन

रिकामी टाकी दोन माणसे सहज उचलतात. त्यामुळे तिच्या वजनाविषयी फसगत होते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणजे १००० लिटरची भरलेली टाकी हे एक टन वजन झाले. शिवाय टाकीचे व स्टँडचे वजन निराळे. हे वजन बैलगाडीवरील ओझ्याप्रमाणे आज आले व उद्या गेले असे नसते. ते रात्रंदिवस एकाच जागेवर दाबत राहते. टाकी भरली की दाब वाढतो, रिकामी झाली की कमी होतो; ही चढउतार रोज चालते आणि जमिनीतील व स्टँडमधील प्रत्येक कच्चा भाग हळूहळू ढिला करते.

हे वजन किती जागेवर पसरले आहे ह्याला फार महत्त्व आहे. समजा, १००० लिटरची टाकी चार पायांच्या लोखंडी स्टँडवर ठेविली. प्रत्येक पायावर निदान २५० किलो भार येतो. पाय ४० मिलिमीटरच्या, ५ मिलिमीटर जाडीच्या अँगलचा असेल तर त्याच्या टोकाचे क्षेत्र चार चौरस सेंटिमीटरही भरत नाही. म्हणजे जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६६ किलो दाब पडतो. ओल्या मातीत असा पाय पहारीसारखा शिरणारच. त्याच पायाखाली ३० सेंटिमीटर लांबरुंदीचा, भार न वाकता पसरवील असा काँक्रीटचा ठोकळा दिला तर तोच भार ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास येतो. भार तोच, पाय तोच. केवळ तळाशी रुंदी दिल्यामुळे जमिनीवरील ताण दोनशे पटींहून अधिक कमी झाला.

काळी जमीन स्थिर नसते

जिल्ह्यातील जमीन सर्वत्र सारखी नाही. बालाघाटच्या माथ्यावर व उतारावर ती उथळ, मुरमाड आणि हलकी आहे. तेरणा, मांजरा, बोरी, सीना ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील सखल भागात ती काळी व खोल आहे. ज्वारी-हरभऱ्याला जी जमीन उत्तम, तीच बांधकामाला अवघड असते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती मोठ्या प्रमाणात असते. ही माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. वैशाख-ज्येष्ठात शेताला पडणाऱ्या भेगा हा तिच्या आकसण्याचा पुरावा होय. अशा जमिनीवर उन्हाळ्यात, ती पूर्ण वाळलेली असताना टाकी बसविली, तर त्या दिवशी सर्व काही समपातळीत दिसते. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर माती फुगू लागते. ती सर्व बाजूंनी सारखी फुगली तर फारसे बिघडले नसते. पण तसे होत नाही. ज्या बाजूला पाणी साचते ती बाजू अधिक फुगते, सावलीची बाजू उशिरा वाळते आणि जवळ कडुनिंब किंवा बाभळीसारखे झाड असेल तर त्याची मुळे एका बाजूची ओल शोषून घेतात. परिणामी स्टँडचा एक पाय उचलला जातो आणि दुसरा खचतो. मे महिन्यात सरळ उभी असलेली टाकी आश्विनात कललेली दिसते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

अशा जमिनीवर बांधकाम करताना फुगणारी माती काढून तिच्या जागी न फुगणारी, पण धरून राहणारी माती भरावी, असा उपाय मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी ह्यांनी संशोधनाने पुढे आणला आणि कालव्यांच्या कामात तो वापरला गेला. शेतावरील लहान कामासाठी ह्या तत्त्वाचा अर्थ सोपा आहे : काळी माती खणून काढा आणि चांगला मुरूम धुमसून भरा. खड्ड्यात नुसती वाळू भरण्याची पद्धत मात्र काळ्या जमिनीत हितावह नाही. वाळूच्या थरात पाणी साचून राहते आणि तेच पाणी खालच्या व बाजूच्या मातीला फुगवीत राहते.

समपातळीचे महत्त्व

टाकी थोडी कलली तर काय बिघडले, पाणी तर येतेच, असे कित्येकांना वाटते. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर नुकसान खरोखरच थोडे आहे. सुमारे ११० सेंटिमीटर व्यासाची टाकी एका बाजूला दोन सेंटिमीटर खाली गेली तर फार तर नऊ-दहा लिटर पाणी कमी मावते. खरा धोका पाण्याचा नसून भाराचा आहे.

तीन मीटर उंच स्टँडवर १००० लिटरची टाकी आहे आणि स्टँडच्या पायांमध्ये एक मीटर अंतर आहे, असे समजा. भरलेल्या टाकीचा भारमध्य जमिनीपासून सुमारे साडेतीन मीटरवर येतो. स्टँड केवळ एक अंश कलला, म्हणजे तळाशी एक मीटर अंतरात पावणेदोन सेंटिमीटरचा फरक पडला, तर वर हा भारमध्य सहा सेंटिमीटरांहून अधिक सरकतो. त्यामुळे खालच्या बाजूच्या दोन पायांवर ५०० किलोऐवजी ५६० किलोंहून अधिक भार येतो आणि वरच्या बाजूच्या दोन पायांवर ४४० किलोंपेक्षा कमी. दोन बाजूंत जवळजवळ सव्वाशे किलोंचा फरक झाला. जी बाजू आधीच खचत आहे तिच्यावरच अधिक ओझे, म्हणून ती आणखी खचते; ती खचली की भार आणखी तिकडे सरकतो. कल आपोआप थांबत नाही, तो वाढतच जातो. म्हणून सुरुवातीचा लहानसा कल हा मोठ्या अपघाताची पूर्वसूचना समजावी.

ह्या हिशोबावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. स्टँड जितका उंच तितका हा धोका मोठा. म्हणून उंची गरजेपुरतीच ठेवावी. जनावरांचा हाळ भरण्यासाठी किंवा घरच्या नळासाठी पाऊण ते एक मीटरचा ओटा पुरतो. ठिबकसाठी उंची हवी असते हे खरे. परंतु एक मीटर उंचीने दर चौरस सेंटिमीटरला केवळ ०.१ किलो दाब मिळतो. तीन मीटरवर टाकी नेली तरी ०.३ किलोच दाब मिळणार. एवढ्या दाबावर कमी दाबाचा खास ठिबक संचच चालू शकतो. साधारण एक किलो दाबाची अपेक्षा असलेला नेहमीचा संच चालत नाही. तेव्हा संच कोणता आहे हे आधी पाहावे आणि मगच उंची ठरवावी. नुसत्या अंदाजाने टाकी उंच चढविण्यात खर्चही वाढतो आणि धोकाही.

तिवई आणि घडवंची

माठ ठेवण्याची तीन पायांची तिवई कोणत्याही ओबडधोबड जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाही. चार पायांची घडवंची मात्र जमीन थोडी उंचसखल असली की डुगडुगते. ह्याचे कारण असे की, तीन टोके नेहमी एका पातळीत येतातच. चौथे टोक त्याच पातळीत असेल ह्याची खात्री नसते. टाकीचा स्टँड ही एक मोठी घडवंचीच होय. त्याचा एक पाय इतरांहून अर्धा सेंटिमीटर आखूड असला किंवा त्याखालची जागा तेवढीच खोल असली, तर तो पाय अधांतरी राहतो आणि समोरासमोरच्या दोन तिरप्या पायांवर जवळजवळ सर्व भार येतो. प्रत्येकी २५० किलोंच्या हिशोबाने केलेल्या पायांना मग ५०० किलोंच्या जवळपास ओझे पेलावे लागते. जोड उकलतात, आडवे पट्टे वाकतात आणि वरची चौकट पिळवटते. चौकट पिळवटली की तिच्यावरील टाकीचा तळही पिळवटतो.

म्हणून रिकामा स्टँड जागेवर ठेवून एकेका कोपऱ्यावर हाताने जोर द्यावा. तो किंचितही डुगडुगला तर टाकी चढवू नये. फट भरून काढण्यासाठी लाकडी पाचर, खापरीचा तुकडा, करवंटी किंवा सुटा दगड वापरू नये. लाकूड पाण्याने फुगते व त्याला वाळवी लागते. खापरी भाराखाली फुटते. सुटा दगड निसटतो. पायाखाली योग्य जाडीची लोखंडी पट्टी सरकवून भोवती सिमेंटचा मसाला घट्ट भरावा आणि तो पक्का होईपर्यंत भार देऊ नये.

बैठकीची बांधणी

बहुतेक शेतकऱ्यांना लोखंडी स्टँडपेक्षा भरीव ओटा अधिक सोयीचा ठरतो. त्याची बांधणी पुढीलप्रमाणे करावी.

प्रथम जागा निवडावी. ती उंचवट्यावर असावी, तिच्याकडे शेताचे किंवा छपराचे पाणी येऊ नये आणि मोठे झाड अगदी लगत नसावे. विहिरीचा काठ, जुना भरलेला खड्डा, उकिरड्याची जागा आणि घुशींची बिळे असलेली जमीन टाळावी.

टाकीच्या व्यासापेक्षा सर्व बाजूंनी निदान १५ सेंटिमीटर अधिक असा ओटा आखावा. मुरमाड जमिनीत वरचा भुसभुशीत थर काढून घट्ट मुरूम लागेपर्यंत खणावे. काळ्या जमिनीत मुरूम जवळ असेल तर तेथपर्यंत जावे. तो फार खोल असेल तर शक्य तितकी माती काढून, ओट्यापेक्षा रुंद असा खड्डा करून, त्यात बाहेरून आणलेला मुरूम भरावा. मुरूम एकदम ओतू नये. सुमारे १५ सेंटिमीटरचा थर पसरावा, पाणी शिंपडावे, धुमसाने चांगला ठोकावा आणि मगच दुसरा थर द्यावा. न धुमसलेला भराव टाकीच्या भाराखाली पुढे दाबला जातो आणि ओट्याचा पृष्ठभाग मध्येच खचतो.

पायात १:३:६ प्रमाणाचे काँक्रीट घालून त्यावर दगडाची किंवा विटेची भिंत सिमेंटच्या मसाल्यात बांधून घ्यावी. आतील पोकळी पूर्वीप्रमाणेच थराथराने धुमसलेल्या मुरमाने भरावी. वर सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा १:२:४ प्रमाणाचा काँक्रीटचा थर देऊन तो घोटून सपाट करावा. कडा खडबडीत राहू देऊ नयेत आणि पृष्ठभागावर एकही खडा वर आलेला नसावा. हे काँक्रीट निदान सात दिवस, आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक, पोती अंथरून ओले ठेवावे. घाई करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकी भरली तर आतापर्यंत घेतलेले सर्व श्रम वाया जातात.

लोखंडी स्टँडच करावयाचा असेल तर प्रत्येक पायाच्या तळाशी जाड पत्रा जोडून घ्यावा आणि तो काँक्रीटच्या ठोकळ्यात बोल्टने पक्का करावा. चारही ठोकळे एकाच प्रकारच्या जमिनीवर व एकाच खोलीवर असावेत. दोन मुरमावर आणि दोन काळ्या मातीवर, असे होऊ देऊ नये. चारही बाजूंना तिरके पट्टे द्यावेत. तिरक्या पट्ट्यांवाचून उभा असलेला स्टँड भार पेलतो, पण बाजूचा धक्का पेलत नाही.

समपातळी तपासण्याच्या रीती

समपातळी डोळ्यांनी ठरवू नये. भोवतालची जमीन उताराची असली की डोळा हमखास फसतो. गवंड्याकडील पाणसळ वापरावी. परंतु ती खरी आहे की नाही हेही पाहावे. पाणसळ ठेवून बुडबुडा कोठे आहे ते पाहावे, मग तीच पाणसळ त्याच जागी उलट दिशेने फिरवून ठेवावी. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूस तितकाच सरकला तर दोष पृष्ठभागाचा; तो बाजू बदलत असेल तर दोष पाणसळीचा. लांबी, रुंदी आणि दोन्ही तिरप्या दिशा अशा चार रेषांवर तपासणी करावी. पाणसळ आखूड असेल तर ती एका सरळ फळीवर ठेवावी.

पाणसळ नसेल तर पारदर्शक नळी हे तितकेच विश्वासू साधन आहे. पाच-सहा मीटर नळी घेऊन तिच्यात पाणी भरावे आणि आत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना हे पाहावे. एक टोक एका पायाशी, दुसरे दुसऱ्या पायाशी उभे धरावे. पाणी स्थिर झाले की दोन्ही टोकांतील पाण्याची रेघ एकाच पातळीत असते. तेथे दोन्ही पायांवर खुणा कराव्यात. पहिले टोक न हलविता उरलेल्या पायांवरही अशाच खुणा घ्याव्यात आणि मग प्रत्येक खुणेपासून वरच्या चौकटीपर्यंतचे अंतर मोजावे. चारही अंतरे सारखी असली की चौकट समपातळीत आहे. स्टँडचे पाय सरळ उभे आहेत की नाहीत हे ओळंब्याने दोन बाजूंनी पाहावे.

ह्यानंतरची परीक्षा पाणीच घेते. टाकी बसवून एक-चतुर्थांश भरावी आणि काही तास थांबावे. आतील पाण्याच्या पृष्ठभागापासून टाकीच्या वरच्या एकाच कड्यापर्यंतचे अंतर चार बाजूंनी मोजावे. अंतरे जुळली तर निम्मी भरावी, पुन्हा थांबावे, पुन्हा मोजावे. मगच पूर्ण भरावी. स्थिर पाण्याचा पृष्ठभाग कधी कलत नाही, म्हणून त्याहून खरी पाणसळ दुसरी नाही.

तळाला संपूर्ण आधार

जुना रांजण मातीच्या ओट्यात अर्धा पुरून बसवीत असत. त्याचा गोल तळ मातीच्या खोलगट बैठकीत सर्व बाजूंनी टेकलेला असे. प्लॅस्टिकच्या टाकीचा तळ सपाट असला तरी तत्त्व तेच आहे. तिचा तळ स्वतः ओझे पेलण्यासाठी केलेला नसतो. तो केवळ ओझे खालच्या बैठकीवर सोपवितो. दोन फळ्यांमध्ये किंवा दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये फट राहिली तर तेवढ्या भागातील तळ पाण्याच्या वजनाने खाली फुगतो, पट्टीच्या कडेवर तो सारखा वाकत राहतो आणि काही महिन्यांत तेथेच चीर पडते. टाकी कडेबाहेर लोंबत असेल तरीही हेच घडते. म्हणून लोखंडी चौकटीवर टाकी थेट ठेवू नये. चौकटीत जवळजवळ पट्ट्या देऊन त्यांवर शहाबादी फरशी किंवा जाड सलग पत्रा बसवावा आणि त्यावर टाकी ठेवावी. फरशांचे सांधे एकसारखे आहेत का, हे हात फिरवून पाहावे.

हाच नियम काचेच्या टाकीला अधिक कडकपणे लागू पडतो. शोभेच्या माशांची काचेची टाकी आता शाळांतून व घरांतून दिसते आणि काही तरुण जोडधंदा म्हणून असे मासे पाळतात. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशी टाकी दिसावयास लहान. पण तिच्यात काठोकाठ १८२ लिटर पाणी मावते. काच व तळातील खडी धरून हे ओझे दोन मोठ्या माणसांच्या वजनाहून पुष्कळ अधिक होते. प्लॅस्टिक वाकून सूचना देते. काच देत नाही. टेबलाचा एक कोपरा खाली असला की काच पिळवटते आणि एखाद्या रात्री तडकते. ज्या टाकीला खालच्या कडेने चौकट असते तिचा भार कडांवर येतो, म्हणून चारही कडा सर्व लांबीभर टेकल्या पाहिजेत. चौकट नसलेल्या टाकीचा तळ सपाट, जाड फळीवर संपूर्ण टेकावा आणि मध्ये पातळ थर्मोकोलचा एक तुकडा अंथरावा, म्हणजे बारीक खडा किंवा उंचवटा काचेला टोचत नाही. परंतु थर्मोकोल हा समपातळीवरील उपाय नव्हे. टेबल वाकडे असेल तर ते पायांपाशी दुरुस्त करावे. टाकीखाली कागद-पुठ्ठे सारून नव्हे.

माळवद, भूकंप आणि वादळ

मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची आहेत. त्यांच्या छपरावर आधीच मातीचा जाड थर असतो. घराला उंची आहे म्हणून त्याच माळवदावर टाकी ठेवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. लाकडी तुळया मातीचे वजन पेलत आल्या म्हणून त्या आणखी एक टन पेलतील असे समजणे चुकीचे आहे. त्यात टाकी पाझरली तर माती भिजून आणखी जड होते आणि तुळयांची टोके कुजतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत हजारो माणसांचा बळी घेतला. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील जड छपरे कोसळल्यामुळे बहुतेक मृत्यू झाले. उंचावरील वजन आणि त्याखालचा कच्चा आधार ह्यांचा मेळ किती घातक असतो, हे ह्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. भरलेली टाकी हे तसेच उंचावरील वजन होय. म्हणून टाकीचा स्टँड झोपण्याच्या जागेलगत, दाराच्या वाटेवर, मुलांच्या खेळण्याच्या जागी किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभारू नये. स्टँडच्या सावलीत शेळ्या बांधण्याची अथवा पाळणा टांगण्याची सवय दिसते. तीही सोडून द्यावी.

वळवाच्या वाऱ्याचा विचारही करावा लागतो. भरलेली टाकी खचते, तर रिकामी टाकी उडते. उन्हाळ्यात टाकीत पाणी कमी असते आणि नेमके तेव्हाच वादळ येते. शक्य तर तळाशी थोडे पाणी राहू द्यावे आणि टाकीवरून रुंद पट्टा किंवा जाड दोर घेऊन तो ओट्यात रोवलेल्या कड्यांना बांधावा. बारीक तारेने आवळू नये. ती टाकीत रुतते.

टाकीचेच पाणी बैठकीचा शत्रू

बैठक खचविणारे पाणी आकाशातून पडते त्यापेक्षा पुष्कळदा टाकीतूनच गळते. ठिबकणारी तोटी, भरून वाहणारी टाकी, जनावरांनी हाळाभोवती केलेला चिखल ह्यांमुळे ओट्याची एकच बाजू बारमाही ओली राहते. काळ्या जमिनीत ती बाजू फुगते व मऊ पडते. दुसरी कोरडी बाजू आकसते. म्हणून जास्तीचे पाणी वाहून नेणारी नळी ओट्यापासून दूर, एखाद्या झाडाच्या आळ्यात किंवा परसबागेत सोडावी. हाळ ओट्याला चिकटून न बांधता दोन-तीन मीटर अंतरावर बांधावा. ओट्याभोवती निदान ६० सेंटिमीटर रुंदीची, बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरसबंदी करावी. टाकीला जोडलेल्या पाईपला स्वतंत्र आधार द्यावा आणि टाकीलगत लवचिक नळीचा तुकडा जोडावा. नाहीतर टाकी थोडी बसताच कडक पाईप तोटीच्या जोडावर ताण देतो आणि तेथून गळती सुरू होते.

वर्षातून दोनदा तपासणी अवश्य करावी : एकदा पहिल्या जोरदार पावसांनंतर, जमीन फुगलेली असताना; आणि दुसऱ्यांदा फाल्गुन-चैत्रात, जमिनीला भेगा पडू लागल्यावर. पाण्याची पातळी चार बाजूंनी मोजावी, स्टँडचे जोड व गंजलेले भाग पाहावेत, ठोकळ्यांभोवतीची माती आणि बिळे पाहावीत. ह्या कामाला अर्धा तासही लागत नाही.

टाकी कललेली आढळली तर पहिले काम म्हणजे ती रिकामी करणे. पाणी वाया जाईल म्हणून भरल्या टाकीखाली पहार घालणे, जॅक लावणे किंवा दगड ठोकणे हे जिवावर बेतणारे आहे. पाणी पिंपांत, हाळात व भांड्यांत काढून घ्यावे, टाकी खाली उतरवावी, खचलेल्या पायाखालची माती काढून कारण शोधावे आणि ते दूर करूनच टाकी पुन्हा बसवावी. कारण तसेच ठेवून केवळ पाय उचलून घेतला तर पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा खचेल.

समारोप

दहा मोठी जनावरे आणि वीस-पंचवीस उस्मानाबादी शेळ्या असलेल्या कुटुंबाला भर उन्हाळ्यात केवळ जनावरांसाठीच दिवसाला सात-आठशे लिटर पाणी लागते. टंचाईच्या दिवसांत १००० लिटरची टाकी कोसळली तर त्या गोठ्याचे एका दिवसाहून अधिक पाणी मातीत जाते आणि पुढचा टँकर केव्हा येईल ह्याची शाश्वती नसते. त्या वेळी खाली कोणी उभे असेल तर होणारी हानी पैशांत मोजता येणार नाही. हे टाळण्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे थोडा मुरूम, थोडे सिमेंट, एक धुम्मस आणि एक नळी. टाकीच्या किमतीच्या मानाने हा खर्च अल्प आहे. श्रम बहुतांशी घरचेच आहेत.

पाणी साठवावयाचे तर आधी पाया पाहावयाचा, ही जाण ह्या जिल्ह्याला नवी नाही. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, दगडी बंधारा बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारला गेला. चारशे वर्षांचे पूर त्याच्यावरून गेले, तरी तो आपल्या जागी उभा आहे. शेतकऱ्याची टाकी त्यापुढे फार लहान. पण पाण्याच्या भाराचा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. ज्यांच्या टाक्या अद्याप सुट्या दगडांवर किंवा डुगडुगत्या स्टँडवर आहेत, त्यांनी रब्बीची काढणी आटोपताच, उन्हाळ्यातील टंचाई सुरू होण्यापूर्वी, टाकी रिकामी असताना तिची बैठक पक्की करून घ्यावी.